सतरा नंबरचा शिक्का

तपासणी नऊ वाजता होती आणि मास्तर सहापासून कागदाखाली केस ठेवून बसले होते. ही त्यांची जुनी परीक्षा. टेबलावर डोक्याचा एक केस ठेवायचा, त्यावर वर्तमानपत्राचं पान पसरायचं आणि डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून, केस कुठे आहे ते सांगायचं. उमेदीच्या काळात मास्तर सहा पानांखालचा केस सांगत. पैज लावून सांगत आणि हरणाऱ्याकडून चहा उकळत. आज पान एकच होतं. केसाचं सोडा, बोटाखाली कागद आहे की टेबलाचं लाकूड, एवढंही त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी डोळे उघडले, बघून बघून बोट नेमकं केसावर ठेवलं आणि वाट पाहिली. काही नाही. बोटं गरम पाण्यात बुडवून झाली होती, तेलाने चोळून झाली होती, काल तर त्यांनी सुईही टोचून पाहिली होती. रक्त आलं, दुखलं मात्र नाही.

"बाबा, चहा निवला," सूनबाई म्हणाली. "आणि ते कागद उचला आता. रोज बघून काय बोटं परत येणार आहेत?"

"आज जरा बरं वाटतंय."

"केस सापडला?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. सूनबाईने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि रात्रीच ठरलेली योजना पुन्हा एकदा घोकून घेतली. घासायचं मास्तरांनी, कारण हाताला घासायची लय पाठ होती. मध्ये मध्ये सीट पुसायला म्हणून मदतनीस या नात्याने ती आपल्या हातात घेणार, बोट फिरवणार आणि खोकणार. एकदा खोकली तर अजून घासा, दोनदा खोकली तर पुरे.

"आणि मला खरंच खोकला आला तर?" असं विचारून ती हसली. मास्तरांना हसू आलं नाही.

गावात त्यांना मायक्रॉन मास्तर म्हणत. मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा सत्तरावा हिस्सा, आणि तेवढा उंचसखलपणा या माणसाच्या बोटाला कळतो अशी ख्याती. ख्याती थोडी फुगवलेली होती, फार नाही. गाव पूर्वी पाण्याचे मीटर बनवायचं. तो कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी बारा वर्षं हातावर हात ठेवून काढली. मग सरकारने ठरवलं की अंतराळाचं सगळं काम राजधानीत कोंबायचं नाही, सहा विभागीय केंद्रांत वाटायचं. एका गावाला टाक्या मिळाल्या, एकाला वायरिंग, एकाला रंग, आणि यांच्या वाट्याला इंजिनाचे व्हॉल्व्ह आले. कारण काय, तर हाताने घासून धातू सपाट करणारी म्हातारी माणसं इथे अजून जिवंत होती. त्यानंतर मात्र गावाचं नशीब फळफळलं. मीटरच्या ओसाड शेडमध्ये पांढऱ्याशुभ्र खोल्या उभ्या राहिल्या, बाहेरगावच्या इंजिनिअर मुली भाड्याने राहायला आल्या, न्हाव्याने दुकानाचं नाव बदलून 'रॉकेट' ठेवलं. मुख्यालयाच्या अहवालात दरवर्षी या केंद्राची वाहवा व्हायची आणि पुढच्या टप्प्यात आणखी तीनशे जणांची भरती होणार म्हणून घराघरांत पोरं अर्ज भरून बसली होती.

या सगळ्या डोलाऱ्याखाली होती ती सीट. व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा झाकण ज्या कड्यावर टेकतं ते नाण्याएवढं कडं म्हणजे सीट. मशीन ती जवळजवळ सपाट करतं. उरलेलं माणसाने हिऱ्याच्या पेस्टवर, इंग्रजी आठाच्या आकड्यात हात फिरवत, बोटाने अंदाज घेत करायचं. काम झालं की करणाऱ्याने जॉब कार्डावर आपला शिक्का मारायचा. शिक्का ज्याचा, हात त्याचाच असला पाहिजे, या एका नियमावर सगळा कारभार चालायचा. मास्तरांचा शिक्का सतरा नंबरचा.

जूनपासून तो शिक्का मास्तर मारत होते आणि सीट सूनबाई घासत होती. काचेच्या त्या छोट्या खोलीत मास्तर आणि मदतनीस एवढ्यांनाच जायची परवानगी. दोघांच्या अंगावर पांढरे अंगरखे, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. बाहेरून कोणाचा हात कुठे आहे ते कळायचं नाही. सूनबाई मुळात पार्ट पिशवीत घालून सील करायच्या कामावर लागली होती, मग मास्तरांची मदतनीस झाली आणि त्यांचं पाहून पाहून घासायला शिकली. शिक्क्याच्या परीक्षेला बसायला दहा वर्षं घासकामाचा अनुभव हवा, आणि तो तिच्याकडे नव्हता. तिच्याकडे फक्त बोटं होती.

तिला हे कळलं कसं, तर जूनमध्ये एकदा मास्तरांनी उकळत्या चहाचं भांडं हाताने उचललं आणि तसंच धरून बोलत राहिले. तळव्याला फोड आले तरी त्यांचं बोलणं चालूच. सूनबाईने भांडं हिसकावलं आणि विचारलं, "हे कधीपासून, बाबा?"

"तो गेल्यापासून," मास्तर म्हणाले.

तो म्हणजे त्यांचा मुलगा, तिचा नवरा, मेअखेर गाव सोडून गेलेला. ती पदर तोंडाशी धरून रडली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः घासायला बसली. डॉक्टरांनी पुढे सांगितलं की साखरेने नसा खाल्ल्या आहेत, पण तिच्या मनातून ते गेलं नाही. पोराच्या दुःखाने या माणसाच्या बोटांतला जीव गेला, अशी तिने समजूत करून घेतली, आणि मास्तरांनी ती करून घेऊ दिली.

खरी गोष्ट एकट्या मास्तरांना माहीत होती. बोटं जूनमध्ये गेलीच नव्हती. ती फेब्रुवारीत गेली होती. तेव्हापासून जूनपर्यंत मास्तर सवयीने घासत राहिले, आवाजावरून, अंदाजावरून. अशा एकोणीस सीट त्यांनी घासल्या आणि एकोणीस वेळा शिक्का मारला. खोलीतल्या तपासणीत सगळ्या पास झाल्या. पण खरं इंधन इतकं थंड असतं की धातू आक्रसतो, आणि खोलीत निरुपद्रवी असलेली बारीक रेघ तिथे इंधनाला वाट करून देते. अकरा एप्रिलला टेकडीवरच्या चाचणी तळावर इंजिन पेटवलं आणि चौथ्या सेकंदाला ते आगीत गेलं. माणूस कोणी दगावला नाही. व्हॉल्व्ह वितळला होता, त्याच्याकडून काही कळण्यासारखं नव्हतं. पण पाइपच्या जाळीत धातूचा एक कण सापडला, आणि पाइप साफ करायचं काम होतं मास्तरांच्या मुलाकडे.

खापर त्याच्यावर फुटलं. पंधरा दिवस त्याला रोज बोलावून एकच प्रश्न विचारला. जाळी बघितलीस का? नक्की? आठवतंय का नक्की? सोळाव्या दिवशी तो म्हणाला, कदाचित बघितली नसेल. तसं लिहून त्याने सही केली. नोकरी गेली, गावात मान वर करायची सोय राहिली नाही, आणि आता तो बाराशे किलोमीटरवर एका दुधाच्या कारखान्यात पाइप धुतो.

त्या इंजिनातला व्हॉल्व्ह दोनशे चार नंबरचा होता. मास्तरांनी त्याच दिवशी घरी येऊन आपल्या कामाच्या नोंदवहीत पाहिलं होतं. त्यांनीच मार्चमध्ये घासलेला. आधी वाटलं, चौकशीत निघेलच. मग वाटलं, पोरगं सुटेलच. मग पोरगं गेलं आणि वाटलं, आता बोलून काय? असं करत करत सहा महिने गेले. त्या एकोणिसांपैकी पाच सीट आज रॉकेटमध्ये बसलेल्या होत्या आणि ते रॉकेट बारा दिवसांनी उडणार होतं. मास्तर देवाधर्माचे नव्हते. तरी हल्ली ते मनातल्या मनात त्या पाच नंबरांचा जप करायचे.

तपासनीस बाई वेळेवर आल्या. त्या काही चूक धरायला आल्या नव्हत्या, हेच तर दुर्दैव. त्या कौतुक करायला आल्या होत्या. जूनपासून सतरा नंबरच्या सीटची गळती देशात सगळ्यात कमी होती, निम्म्याहून कमी. हे कसं जमलं ते बघायचं आणि बाकीच्या पाच केंद्रांना शिकवायचं, असा हुकूम घेऊन त्या आल्या होत्या. केंद्राचे मॅनेजर तर लग्नात मिरवावं तसे मिरवत होते.

"मास्तर, एक सीट माझ्यासमोर घासा," बाई म्हणाल्या. "मला नुसतं बघायचंय."

मास्तर बसले. हात फिरू लागला, आठाचा आकडा बिनचूक पडू लागला. दहा मिनिटांनी सूनबाईने सीट पुसायला घेतली, बोट फिरवलं आणि एकदा खोकली. मास्तरांनी पुन्हा घासलं. ती पुन्हा खोकली. तिसऱ्या खेपेला तपासनीस बाई म्हणाल्या, "तुम्हाला बरं नाहीये का? पाणी प्या जा बाहेर. या खोलीत खोकून चालत नाही."

सूनबाईने मास्तरांकडे पाहिलं. मॅनेजरने दार उघडून धरलं होतं. ती गेली.

मग मास्तर एकटे राहिले. लोखंडी पाटा, पेस्ट, सीट, आणि दहा मेलेली बोटं. ते घासत राहिले. कधी थांबायचं ते सांगणारं कोणी नव्हतं. मानेवरून घाम ओघळून अंगरख्यात जात होता. काचेपलीकडे सूनबाई तोंडावर हात ठेवून उभी होती. शेवटी बाईंनी घड्याळाकडे पाहिलं म्हणून मास्तर थांबले. बाईंनी सीट यंत्राखाली धरली, बघितली, पुन्हा बघितली.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "हिच्यावर आडवी रेघ आहे. नख अडकेल एवढी. तुम्हाला लागली नाही हाताला?"

तेवढ्यात दार ढकलून सूनबाई आत आली. "त्यांना काही विचारू नका, मॅडम. जूनपासून मी घासतेय. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. तपासनीस बाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी नवी सीट काढून सूनबाईपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "घासा." सूनबाई पाऊण तास घासत राहिली. नंतर बाईंनी ती सीट यंत्राखाली धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. मास्तरांना बघायची गरज नव्हती. घासण्याच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं की इतकी चांगली सीट त्यांनी स्वतः चाळीस वर्षांत घासली नव्हती. त्यांना अभिमान वाटला आणि त्याच वेळी रडावंसं वाटलं.

पुढचं मॅनेजरच्या खोलीत झालं.

"नियमाने मी हे केंद्र आजच बंद करायला हवं," तपासनीस बाई म्हणाल्या. "खोट्या शिक्क्याखालचं काम आहे हे. पण रॉकेट उभं आहे. आणि यांचं काम उत्तम आहे, ते मी आत्ता डोळ्यांनी बघितलं. जूनपासूनच्या सीट मी विशेष बाब म्हणून मंजूर करून घेईन. यांना परीक्षेला बसवते, अनुभवाची अट शिथिल करू. पास झाल्या की यांचा स्वतःचा शिक्का." त्यांनी एक कोरा कागद मास्तरांपुढे सरकवला. "तुमच्याकडून एवढंच हवंय, मास्तर. मेअखेरपर्यंत माझा हात ठीक होता, असं लिहा आणि सही करा. म्हणजे त्याआधीच्या कामाबद्दल प्रश्न उरत नाही."

मॅनेजरने स्वतःचं पेन काढून टोपण उघडून दिलं.

मास्तरांनी पेन धरलं. धरलं आहे हे त्यांना बघूनच कळलं. एका ओळीत सगळं जागच्या जागी बसत होतं. सूनबाईला शिक्का मिळणार, केंद्र वाचणार, तीनशे पोरांचे अर्ज मार्गी लागणार. आणि पाच सीट रॉकेटमध्ये राहणार. कदाचित त्या चांगल्याही असतील. एकोणीसपैकी एकच तर गेली होती. दोनशे एक, दोनशे सात, दोनशे आठ, दोनशे अकरा, दोनशे तेरा. कदाचित.

"लिहा ना, बाबा," सूनबाई म्हणाली. मग तपासनीस बाईंकडे वळून ती अगदी मायेने सांगू लागली. "त्यांचा दोष नाही हो, मॅडम. एप्रिलची ती चाचणी तुम्हाला ठाऊक असेल. ती चूक यांच्या मुलाच्या हातून झाली. माझ्या नवऱ्याच्या. त्याने मान्यही केलं. पण यांचं चाळीस वर्षांचं नाव, आणि पोटच्या पोराने असं करावं... त्या धक्क्याने यांची बोटं गेली. नाहीतर यांच्या हातून रेघ राहणं शक्य तरी आहे का?"

मास्तरांनी पेन खाली ठेवलं.

सहा महिने ज्याची भीती वाटत होती ती गोष्ट इतक्या प्रेमाने, इतक्या सहज कोणी त्यांच्यासमोर बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी गिळल्या असत्या. हे गिळवेना.

"फेब्रुवारी," ते म्हणाले.

"काय?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"बोटं फेब्रुवारीत गेली. जूनमध्ये नाही. मधल्या एकोणीस सीट माझ्या आहेत, आणि मला एकाही सीटची खात्री नाही. त्यातल्या पाच रॉकेटमध्ये बसल्यात. काढा त्या." त्यांनी नंबर सांगितले. पाठच होते.

तपासनीस बाईंनी भराभर नंबर लिहून घेतले, फोन काढला आणि दाराकडे जाता जाता वळून विचारलं, "एप्रिलच्या इंजिनात यातली होती?"

"दोनशे चार," मास्तर म्हणाले.

बाई बाहेर गेल्या. मॅनेजर त्यांच्या मागे धावले. खोलीत सासरा आणि सून राहिले. सूनबाई हिशेब करावा तशी ओठ हलवत होती. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मग तिचे ओठ थांबले.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"पंधरा दिवस तो घरी येऊन जेवत नव्हता. तुम्ही समोर बसून होतात."

"हो."

"मी त्याला बोलले, बाबा. तो जायच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, एवढीशी जाळी बघता आली नाही का तुला? माझ्या तोंडून म्हटलं मी."

तिने एक पाऊल पुढे टाकलं तेव्हा मास्तरांना वाटलं, ही मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. "तुम्ही सांगा. आत्ता. माझ्यादेखत."

पलीकडे यंत्रांची घरघर आणि पाण्याचा आवाज होता. "काय गं, आज या वेळी?" मुलगा ओरडून म्हणाला.

"मी बोलतोय."

"बाबा? बरे आहात ना? आज तपासणी होती ना तुमची?"

मास्तरांनी सांगितलं. एका दमात, थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही या भीतीने सांगितलं. बोटं, फेब्रुवारी, दोनशे चार, वही.

"बाबा, हे कुठे लिहून नाही ना दिलंत?"

"नंबर सांगितले. लिहूनही देतो आता."

"नका देऊ. कशाला असं करताय? मला परत घेतील म्हणून?"

"अरे, खरं आहे ते. व्हॉल्व्ह माझा होता."

"बाबा, जाळी मी बघितली नव्हती."

"बघितली होतीस. त्याच संध्याकाळी घरी येऊन तू मला छातीठोकपणे सांगितलं होतंस."

"तेव्हा तसं वाटलं असेल. पण नंतर मला आठवलं ना. मी न बघताच झाकण लावलं. माझा हात दिसतो मला, झाकण दिसतं, कुठला बोल्ट आधी आवळला तेही दिसतं." तो समजूत घालत होता. लहान मुलाची घालावी तशी तो बापाची समजूत घालत होता. "तुमच्या हातून रेघ राहणं शक्य नाही, बाबा, जग इकडचं तिकडे झालं तरी. माझ्यासाठी तुम्ही नका खोटं बोलू. मला मान्य करायला फार दिवस लागले. आता कुठे झोप लागायला लागलीय. पुन्हा ते सुरू करू नका. माझी चूक आहे ती, माझ्याकडे राहू द्या."

"अरे, ऐक, दोनशे चार..."

"पाळी सुरू झालीय, बाबा. ठेवतो. औषध वेळेवर घ्या." आणि घरघर थांबली.

मास्तर फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. फोन अजून हातात आहे की पडला, हे त्यांना कळत नव्हतं.

"काय म्हणाला?" सूनबाईने विचारलं.

"म्हणाला, चूक त्याचीच होती."

तिने त्यांच्या बोटांतून फोन सोडवून घेतला आणि पुन्हा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. त्याने उचलला नाही. तिने पुन्हा लावला.